शेवटचा चरण कुठे गेला?

आषाढ शुद्ध एकादशी आठ-दहा दिवसांवर आली, की पंढरीत दिंड्यांच्या आधी अभंग येऊन पोहोचतात. पालख्या अजून फलटण-नातेपुत्याच्या वाटेवर असतात आणि इकडे महाद्वाराजवळच्या दुकानांतून, प्रदक्षिणेच्या रस्त्यावरच्या कर्ण्यांतून, चहाच्या टपऱ्यांवरून विठ्ठलाची नवी-जुनी गाणी सुरू झालेली असतात. पूर्वी याच दुकानांत बुक्क्याच्या पुड्यांशेजारी ध्वनिफिती टांगलेल्या असत. पुढे चकचकीत तबकड्या आल्या. आता बोटाच्या पेराएवढ्या पेनड्राइव्हमध्ये पाचशे अभंग भरून मिळतात, आणि ज्याच्या हाती मोबाइल आहे त्याला तेवढेही विकत घ्यावे लागत नाही. आषाढीच्या तोंडावर नवे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करावयाचे, अशी आता गायक-वादकांची रीतच पडून गेली आहे.

या नव्या गाण्यांविषयी आणि संतांवरील नव्या चित्रपटांविषयी आपले मत काय, असे मला कीर्तनाची आरती झाल्यावर हमखास विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असते. फेटा बांधलेला, गळ्यात तुळशीची माळ घातलेला, संस्कृत पोथ्यांत जन्म घालवलेला हा म्हातारा गिटारचे नाव ऐकताच कानांवर हात ठेवणार, अशी त्याची समजूत असते. त्याची निराशा करावी लागते. मला वाद्यांचा राग नाही. ज्या पेटीवाचून आज आमच्या कीर्तनाचे पान हलत नाही, ती पेटी परदेशातून आली. आणि आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षे तिला आपले दार बंद ठेवले होते. आज ती पेटी आमच्या परंपरेत इतकी मुरली आहे, की नवा मुलगा टाळ हाती घेण्याआधी पेटीपाशी बसतो. तेव्हा गिटारलाही आणखी पन्नास वर्षे देऊन पाहावीत.

माझी तक्रार वेगळीच आहे आणि ती एकाच गोष्टीची आहे. ती शेवटच्या चरणाची आहे.

अभंगाच्या शेवटच्या चरणात संत आपले नाव घालतात. या नावाला आम्ही मुद्रा म्हणतो. ज्ञानदेवांची, नामदेवांची, एका जनार्दनाची, तुकोबांची मुद्रा घराघरांत पाठ आहे. संस्कृतातही ही पद्धत आहे. जयदेव कवीने गीतगोविंदातील अष्टपद्यांच्या अखेरीस आपले नाव गोवलेले आहे. परंतु आमच्या संतांची मुद्रा म्हणजे केवळ कवीने खाली केलेली सही नव्हे. आधीच्या चरणांत जे सांगितले, ते कोणाच्या जिवावर सांगितले, याची ती जामीनकी आहे. ‘तुका म्हणे’ येथे येईपर्यंत विचार असतो. त्या शब्दांपासून माणूस उभा राहतो. म्हणूनच वारकरी कीर्तनात दोन तास एकच अभंग उभा असताना, एकेक चरण सोडवीत बुवा शेवटच्या चरणावर आले, की टाळकऱ्यांचा आवाज आपोआप बदलतो आणि समोरची वृद्ध मंडळी हात जोडतात.

हा चरण गळू लागला, त्याला यंत्राचे कारण आहे. पहिल्या काळ्या तबकड्यांच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटे मावत. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अशी बावीस अक्षरे असतात. ही अखेरची चार अक्षरे फार मोलाची आहेत. तिथे ओळ थांबते, श्वास घेते आणि टाळ-पखवाज पुढे येतात. अशी चार-पाच कडवी, प्रत्येक कडव्यानंतर धृपद, वर थोडा आलाप, एवढे साडेतीन मिनिटांत बसवावयाचे म्हणजे कुठेतरी कात्री लावणे आलेच. मधले एखादे कडवे गेले. पुढे मोठ्या तबकड्या आल्या, एका बाजूवर वीस मिनिटे मावू लागली, तरी कातरण्याची सवय राहिली. आणि आता तर मोबाइलवर पहिल्या तीस सेकंदांत जे कानात भरेल तेच गाणे. पहिल्या तीस सेकंदांत शेवटचा चरण येणार कसा?

जुन्या माणसांना याचे भान होते. पंडित भीमसेन जोशी यांच्या ‘अभंगवाणी’ला आणि लता मंगेशकर यांच्या ‘अभंग तुकयाचे’ला श्रीनिवास खळे यांचे संगीत आहे. मी त्या ध्वनिमुद्रिका तरुणपणी ऐकल्या आणि आजही ऐकतो. त्यांत वाद्ये पुष्कळ आहेत, चाली वारकरी नाहीत, आमच्या फडावर त्या चालणार नाहीत. परंतु खळेकाकांनी मुद्रेचा चरण घाईने कधी उरकला नाही. भीमसेनजी ‘तुका म्हणे’ या दोन शब्दांवर येत तेव्हा आवाज किंचित खाली घेत, जणू आता बोलणारा दुसरा आहे आणि आपण केवळ त्याचा निरोप आणला आहे. पुणे आकाशवाणीवर राम फाटक यांनी त्यांच्याकडून गाऊन घेतलेल्या नामदेवांच्या अभंगाविषयीही असेच म्हणता येईल. गदग भागातून आलेल्या, कानडी मातृभाषेच्या या गायकाने महाराष्ट्राच्या कानाला संतांच्या नावाची ओळख नव्याने करून दिली, हे ऋण आम्हा कीर्तनकारांनी मान्य केले पाहिजे. त्यांची ‘संतवाणी’ ऐकून मंदिराकडे वळलेली माणसे मी माझ्या कीर्तनात समोर बसलेली पाहिली आहेत.

आता चित्रपटाकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचे मूळ तिथे आहे आणि माझा अपराधही तिथलाच आहे.

प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, केशवराव भोळे यांचे संगीत, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस आणि जिजाईच्या भूमिकेत गौरी. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. माझ्या वडिलांच्या पिढीत चित्रपट पाहणे हे वारकऱ्याला शोभत नसे. पण या एका चित्रपटाला ती माणसे पायातल्या वहाणा बाहेर काढून गेल्याचे मी ऐकले आहे. मी तो बऱ्याच उशिरा पाहिला आणि नंतर पुष्कळ वेळा पाहिला. त्यातले चमत्कार आज लहान मुलांनाही भोळे वाटतात. वैकुंठाचे विमान तर सरळच रंगभूमीवरचे आहे. परंतु आजारी पोराला घेऊन पायातली वहाण हाती धरून देवळात शिरणारी, पांडुरंगाला जाब विचारणारी जिजाई पाहिली, की मला आजही शब्द सुचत नाहीत. भक्तीचा पुरावा तुकोबांच्या गाण्यात जेवढा आहे तेवढाच त्या बाईच्या रागात आहे. आवलीला कजाग म्हणणाऱ्या आमच्यासारख्या बुवांना एका न शिकलेल्या नटीने ते दाखवून दिले.

त्याच चित्रपटात सालोमालो आहे. तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून मिरवणारा हा देहूचा बुवा. गाथेतही सालोमालोचे नाव येते, तेव्हा ही केवळ पटकथेतली कल्पना नव्हे. दुसऱ्याच्या अभंगातील नाव काढावे आणि आपले घालावे, एवढाच त्याचा उद्योग. चित्रपटातील तुकोबा त्याच्यावर रागावत नाहीत, मात्र प्रेक्षक रागावतात.

आणि गंमत अशी, की याच चित्रपटात पागनीसांच्या तोंडी असलेले, एका बीजापासून वाढत जाणाऱ्या वृक्षाचे ते सुप्रसिद्ध पद तुकोबांचे नाही. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले. हेच आठवले पुढे दिग्दर्शक झाले आणि १९५३ साली त्यांनी ‘वहिनीच्या बांगड्या’ काढला. त्यांचे हे पद तुकोबांच्या वाणीशी इतके एकजीव झाले, की भल्या जाणत्या मंडळींनी ते गाथेत शोधल्याची हकिकत प्रसिद्ध आहे.

त्या शोधणाऱ्यांना मी हसत नाही, कारण मी तर न शोधताच फसलो. चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. काशीच्या परीक्षा नुकत्याच देऊन आलो होतो, उपनिषदे जिभेवर होती आणि आपल्याला सर्व येते असे वाटण्याचे वय होते. सांगोल्याकडच्या एका खेड्यात सप्ताहाचे कीर्तन होते. छांदोग्यातील श्वेतकेतूची कथा लावली. वडाचे फळ फोड, बी फोड, आत काय दिसते ते सांग, हा तो प्रसंग. दृष्टांत रंगला, आणि ‘हेच आमचे तुकोबाराय कसे सांगतात पाहा’ असे म्हणून मी ते बीजाचे पद खड्या आवाजात लावले. लोकांनी साथ धरली. मी मनोमन खूश झालो.

कीर्तन संपल्यावर तिथले वीणेकरी बाबा जवळ येऊन बसले. अंगठ्यापुरते शिक्षण, पण गाथा मुखोद्गत. त्यांनी आधी माझ्या पाया पडून घेतले आणि मग हळूच विचारले, “बुवा, त्या अभंगातली मुद्रा ऱ्हायली वाटतं?”

मी म्हणालो, “वेळ कमी होता बाबा, शेवटचा चरण गाळला.”

म्हातारा थोडा वेळ वीणेच्या खुंटीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “न्हाई, सगळा म्हना की एकदा. मलाबी शिकायचाय.”

मी म्हणावयास लागलो आणि अखेरीस येऊन थांबलो. तिथे मुद्रा नव्हती. मी गाळली नव्हती. ती मुळातच नव्हती, आणि इतकी वर्षे ते पद म्हणत असताना हे माझ्या ध्यानात आले नव्हते. बाबा एवढेच म्हणाले, “तुकोबाराय सही केल्याबिगर कागद सोडत न्हाईत, बुवा.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. घरी आल्यावर सुमारे साडेचार हजार अभंगांची गाथा पहिल्यापासून चाळली. वीणेकरी बाबांवर अविश्वास होता म्हणून नव्हे. माझाच ताठा मोडवत नव्हता म्हणून. पद सापडले नाही. पुढच्या वर्षी त्याच सप्ताहात उभा राहून मी चूक सांगितली आणि पदाच्या कर्त्याचे नाव सांगितले. बाबा तोवर गेले होते.

या प्रकरणात दोष आठवल्यांचा मुळीच नाही. उलट त्यांच्या प्रामाणिकपणाला माझा दंडवत आहे. त्यांना ‘तुका म्हणे’ हे दोन शब्द शेवटी टाकणे काय अवघड होते? छंद सांभाळता येत होता, भाषा वश होती. त्यांनी तुकोबांसारखे लिहिले, पण तुकोबांची सही केली नाही. ज्या चित्रपटात सालोमालोची फजिती आहे, त्याच्या गीतकाराने सालोमालोपणा केला नाही. आम्हीच कान मिटून घेतले.

येथे पंडितवाचक मला अडवतील. मुद्रा असली म्हणजे अभंग अस्सल, असे कुठे आहे? बरोबर आहे. तुकोबांच्या नावावर मागाहून रचलेले अभंग आहेत. नामदेव आणि विष्णुदास नामा यांची कवने एकमेकांत मिसळून अभ्यासकांनी किती वर्षे डोके धरले! मुद्रा ही खोटीही करता येते. पण खोटी सही ओळखण्यासाठीसुद्धा कागदावर सही असावी लागते.

नव्या चित्रपटांचे मला कौतुक आहे. २०२५ हे वर्ष ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माचे साडेसातशेवे आणि तुकोबांच्या वैकुंठगमनाचे तीनशे पंचाहत्तरावे; त्या एका वर्षात संतांवरचे तीन चित्रपट आले. दिग्पाल लांजेकर यांचा ‘संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई’ एप्रिलमध्ये, आदित्य ओम यांचा हिंदी ‘संत तुकाराम’ जुलैमध्ये आणि पुन्हा लांजेकर यांचाच ‘अभंग तुकाराम’ नोव्हेंबरमध्ये. बहिणीच्या नावाने चित्रपट निघावा, हेच मला मोठे वाटते. रुसून ताटी लावून बसलेल्या भावाला समजावणारी ती मुलगी आमच्या कीर्तनांतसुद्धा बहुधा पाच मिनिटांची पाहुणी असते. सुबोध भावे यांचे तुकोबा हिंदीत बोलतात म्हणून आमच्यातले काही जण नाराज झाले. मी झालो नाही. गाथेतच तुकोबांचे हिंदुस्थानी दोहे आहेत. योगेश सोमण यांच्यासारखा रंगभूमीवरून आलेला नट तुकोबा होतो तेव्हा मला पहिली आशा वाटते ती शब्द नीट ऐकू येण्याची. त्यापूर्वी, २०१२ साली, चंद्रकांत कुलकर्णी यांच्या ‘तुकाराम’मध्ये जितेंद्र जोशी यांनी दुष्काळाने पोळलेला संसारी माणूस उभा केला होता. पागनीसांचा संत डोळ्यांपुढे असताना तसा माणूस दाखवावयास धैर्य लागते. तो तुकाराम मला अजून आठवतो.

एक खंत मात्र सांगावीशी वाटते. जुन्या चित्रपटात नावांची पाटी आरंभी येई. शाळा न पाहिलेला माणूसही शेजाऱ्याकडून ती वाचून घेई. आता श्रेयनामावली अखेरीस येते, तेव्हा दिवे लागलेले असतात, लोक उठलेले असतात. कोणते पद संतांचे आणि कोणते आजच्या कवीचे, हे कळण्याची वेळ नेमकी पिशवी आणि छत्री शोधण्याची असते. मी पडद्याजवळ जाऊन शेवटपर्यंत उभा राहतो. झाडलोट करणारी मुले मला आता ओळखतात.

नव्या ध्वनिमुद्रणांपैकी या हंगामात कानी पडलेल्या कोणाचेही नाव मी घेणार नाही. उणीव पद्धतीची आहे, व्यक्तीची नाही. गळे उत्तम आहेत. स्वरांचा अभ्यास आमच्या वेळेपेक्षा चांगला आहे, हे कबूल करतो. एका मुलीने नुसत्या टाळ-पखवाजावर जनाबाईंचा अभंग गायला आहे, तो मी पहाटे काकड्याला जाताना तीनदा ऐकला. परंतु पुष्कळ गाण्यांत असे होते, की धृपद आठ वेळा येते, मधली दोन कडवी येतात, मग वाद्यांचा कल्लोळ, पुन्हा धृपद, आणि आवाज हळूहळू विरत जातो. संतांचे नाव येण्याआधीच गाणे निघून गेलेले असते. मग मी मोबाइल डोळ्यांजवळ धरून गीतकाराचे नाव वाचतो. तिथे लिहिलेले असते: ‘पारंपरिक’.

हे ‘पारंपरिक’ कोण? कोणत्या गावचे? सालोमालोने निदान स्वतःचे नाव तरी घातले होते.

तुकोबांचे फारसे बिघडत नाही. त्यांची गाथा आहे, देहू आहे, पालखी आहे. प्रश्न आहे तो जनाबाईंचा, चोखोबांचा, सोयराबाईंचा. दळण-कांडण करणारी जनी, देवळाच्या दाराबाहेर उभा ठेवलेला चोखा, आणि त्याची पत्नी सोयरा. यांच्या मालकीचे जगात काय होते? घर नाही, जमीन नाही, पोथी नाही. एक नाव होते आणि ते त्यांनी शेवटच्या चरणात ठेवले. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर नामदेव पायरीच्या जवळ आहे. मंदिराचे दार त्यांच्या लोकांना उघडावयास १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. इतकी शतके जे देवळाबाहेर होते त्यांचे अभंग मात्र आत गायले जात होते, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे नाव आत जात होते. ते नाव आता आपण गाण्याच्या लांबीसाठी काढून टाकणार काय?

किशोरीताई आमोणकर यांनी गायलेला, सगळे रंग एक झाल्याचा तो अभंग कोणाला ठाऊक नाही? मी कीर्तनात विचारतो, “हा अभंग कोणाचा?” उत्तर येते, “किशोरीताईंचा.” शंभरातले पाच-सहा हात सोयराबाईंच्या नावाने वर येतात. यात किशोरीताईंच्या थोरवीला बाध येत नाही. त्यांच्यामुळेच तो अभंग घराघरांत गेला. पण ज्या बाईने तो रचला, तिचे नाव त्या घरांत गेले नाही.

माझी पुतणी गाते. तिने यंदा सोयराबाईंचा एक अभंग ध्वनिमुद्रित केला. त्यात गिटार आहे. मी एकच अट घातली होती, की मधले कडवे हवे तर गाळ, शेवटचे गाळू नकोस. तिने एकही गाळले नाही. गाणे सात मिनिटांचे झाले आणि तिच्या मित्रमंडळींनी ते फार लांबल्याचे सांगितले. मग ते मोबाइलवर सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी एक तक्ता भरावा लागतो, तो ती ओसरीवर माझ्याशेजारी बसून भरू लागली. गायिका, संगीतकार, वादक असे करीत ती गीतकाराच्या रकान्याशी आली. तिने ‘सोयराबाई’ लिहिले. तक्ता पुढे सरकेना. तांबड्या अक्षरांत सूचना आली, की आडनाव भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

“काका, आडनावाच्या जागी काय घालू? सगळे जण इथे ‘पारंपरिक’ टाकून मोकळे होतात.”

मी म्हणालो, “चोखोबांचे नाव घाल.”

तिने ‘सोयराबाई चोखामेळा’ असे लिहिले. यंत्राने ते घेतले.